फायबरच्या पोटातलं लाकूड

फायबरची होडी कुजत नाही, असं कोकण किनाऱ्यावर सर्रास म्हणतात. फायबर कुजत नाही हे खरं. पण इंजिन लटकतं त्या मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या पोटात जुन्या होड्यांत बहुधा प्लायवूड असतं, आणि ते कुजतं. वरून तुळतुळीत, आत काळा लगदा.

पाणी शिरतं बोल्टच्या भोकातून. इंजिनाच्या थरथरीने सीलंट सुटतं, केसाएवढी फट पडते आणि प्लायचे थर पाणी ओढून घेतात. दोन्ही अंगांनी फायबर असल्यामुळे आत गेलेलं पाणी आतच राहतं. (तळाला येणारे फोड हे दुखणं निराळं. तिथे पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या लेपातून झिरपून रेझिनशी भिडतं; फोड टोचला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो.)

तपासायला हातोडीचा दांडा पुरतो. ठोकत जायचं. कोरडं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द.

मग ग्रायंडरने आतली कातडी कापायची. बाहेरची राखायची, कारण होडीचा आकार तिनेच धरलेला असतो. लगदा खरवडून गोड्या पाण्याने धुवायचं, कारण उरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. आणि वाळू द्यायचं. सगळं काम इथेच अडतं. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. होडी मोकळी असते तेव्हा नेमका पाऊस, आणि ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. म्हणून हे काम एप्रिल-मेच्या उन्हात, धंद्याचे दिवस मोडूनच करावं. ओल्यावर फायबरची मॅट चढवून वरून रंग फासणं ही दुरुस्ती नव्हे; ते पाण्याला आत कोंडणं आहे.

नवा प्लाय मरीनच हवा, आयएस ७१० शिक्क्याचा, कापलेल्या कडांना रेझिन पाजलेला. जुन्या फायबरची कड जाडीच्या बारापट लांब उतरती घासली, तर नवे थर तिला घट्ट धरतात.

बोल्टची भोकं आधी मुद्दाम मोठी पाडायची. ती सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने गच्च भरायची, आणि ते कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टचं खरं भोक पाडायचं. पुढे कधी सीलंट सुटलं, तरी पाण्याची गाठ इपॉक्सीशी पडेल, लाकडाशी नाही.