उत्तरायुष्यातील लांब पल्ल्याची धाव : तयारी, मर्यादा आणि आनंद

प्रस्तावना :

सेवानिवृत्त माणसाने रोज सकाळी फिरावयास जावे, हा सल्ला आपल्या समाजात सर्वमान्य आहे. परंतु तोच माणूस ‘उद्यापासून धावावयास जातो’ असे म्हणाला, की घरातील मंडळी प्रथम त्याच्या गुडघ्यांकडे आणि मग एकमेकांकडे पाहू लागतात. धावणे हे तारुण्याचे लक्षण आणि चालणे हे वार्धक्याचे, अशी विभागणी आपण नकळत करून टाकलेली आहे. पुण्यात १९८३ पासून, मुंबईत २००४ पासून आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात २०१२ पासून होत आलेल्या शर्यतींनी या विभागणीला बराच धक्का दिला. पन्नाशी-साठी ओलांडलेले स्त्री-पुरुष आता या शर्यतींच्या प्रारंभरेषेवर सहज दिसतात.

त्यांच्यापैकी अनेकजण मात्र तरुणांसाठी आखलेले सराव-वेळापत्रक घेतात, त्यातील आकडे थोडे कमी करतात आणि तेच पाळू लागतात. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा असा, की ज्येष्ठ धावपटूची तयारी ही तरुणाच्या तयारीची सौम्य आवृत्ती नव्हे. तिची रचनाच निराळी असावी लागते, आणि त्या रचनेच्या मध्यभागी धाव नसून दोन धावांमधील विश्रांती असते.

वयाबरोबर काय घटते, काय टिकते :

परिश्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापास कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये ही क्षमता दर दशकास साधारणपणे दहा टक्क्यांनी घटते. सातत्याने कसून सराव करणाऱ्यांमध्ये ही घट जवळपास निम्म्यावर राखता येते, थांबविता मात्र येत नाही. हृदयाचे कमाल स्पंदन घटते, हे यामागील एक प्रमुख कारण होय. ‘२२० वजा वय’ हे प्रचलित सूत्र ज्येष्ठांच्या बाबतीत कमी आकडा देते असे आढळल्यावर, २००१ मध्ये ‘२०८ वजा वयाच्या सात-दशांश’ असे सुधारित सूत्र पुढे आले. पासष्ट वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिले सूत्र १५५ आणि दुसरे सुमारे १६२ हा आकडा देते. दोन्ही सरासरीच आहेत. मनगटावरील घड्याळावर आंधळा विश्वास ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

स्नायूंची घट अधिक बोलकी असते. जलद आकुंचन पावणारे तंतू आधी आणि अधिक प्रमाणात रोडावतात. सावकाश आकुंचन पावणारे, दीर्घकाळ काम करणारे तंतू तुलनेने टिकून राहतात. यामुळेच साठीतील माणसास बस पकडण्यासाठी पन्नास पावले धावणे जड जाते, आणि तोच माणूस संथ गतीने दोन तास धावू शकतो. लांब पल्ला हा ज्येष्ठांना परका नाही, तो कदाचित त्यांच्या शरीराला अधिक मानवणारा प्रकार आहे. खरी अडचण वेगळीच आहे. टाचेमागची कंडरा, पोटरी आणि तळपाय यांची लवचिकता कमी होते व झीज भरून येण्यास अधिक काळ लागतो. हृदय आणि फुप्फुसे सहा आठवड्यांत सरावाला सरावतात, कंडरेला मात्र कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून पल्ला वाढवीत नेणारा ज्येष्ठ धावपटू नेमका या दोन वेगांमधील फटीत सापडतो.

चार धावपटू :

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, टोरोंटो येथे २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. सत्तरी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत धावणारे ते पहिले. पुढल्याच वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ नोंदविली. मराठी वाचकांस ही वेळ कळावी म्हणून एक तुलना करतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, तेव्हा त्यांना २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंद लागले व ते एकोणिसावे आले. त्या शर्यतीचे अंतर आजच्या प्रमाण अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक होते आणि त्या काळची साधने अगदी तुटपुंजी होती, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हे. व्हिटलॉक सराव करीत ते घराजवळच्या दफनभूमीतील रस्त्यांवर, तासन्‌तास, अतिशय संथ गतीने.

जपानच्या मारिको युगेता यांनी २०१९ मध्ये साठीनंतर तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावणारी पहिली स्त्री हा मान मिळविला, आणि २०२१ मध्ये ती वेळ २ तास ५२ मिनिटे १३ सेकंदांवर आणली. कॅथरीन स्विट्झर यांची कथा वेगाची नाही. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका अधिकाऱ्याने त्यांना मार्गावरून खेचून काढण्याचा प्रयत्न केला होता. २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्याच शर्यतीत त्या ४ तास ४४ मिनिटांत धावल्या.

फौजासिंग यांचे नाव भारतीयांना परिचित आहे. त्यांनी २००० मध्ये लंडन येथे पहिली मॅरेथॉन धावली, तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले गेले. २०११ मध्ये टोरोंटो येथे त्यांनी शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण केली. जन्मदाखला नसल्याने हा विक्रम गिनेसच्या नोंदीत गेला नाही. त्यांच्या पिढीतील खेड्यातल्या किती जणांजवळ जन्मदाखला होता, हा प्रश्न कोणी विचारला असल्यास प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळील आपल्या गावी रस्त्यावरून जात असता वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले.

गुडघे आणि हृदय :

धावल्याने गुडघे झिजतात, ही समजूत इतकी पक्की आहे की तिला पुरावा विचारला जात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढील धावपटूंचा एक गट आणि न धावणाऱ्यांचा एक गट यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांतील काही जणांच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांची सुमारे दोन दशकांच्या कालावधीत तुलना केली असता धावपटूंमध्ये संधिवात अधिक आढळला नाही. एकोणीस वर्षांनंतर धावपटूंपैकी १५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. येथे सावधगिरीही हवी. मुळात निरोगी असणारेच धावण्याकडे वळतात, त्यामुळे हा सगळा फरक धावण्याचा परिणाम मानता येणार नाही. तसेच ज्यांच्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे किंवा वजन फार आहे, त्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत.

हृदयाबाबत मात्र दुर्लक्ष परवडणारे नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंमध्ये हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे सुमारे १,८४,००० धावपटूंमागे एक. धोका अल्प आहे. परंतु तो पुरुषांमध्ये व पूर्ण मॅरेथॉनमध्ये अधिक आढळला. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर सरावास आरंभ करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ताण-चाचणी आवश्यक आहे काय, हे डॉक्टरांनी ठरवावे. चाचणी निर्दोष निघाली म्हणजे आजन्म अभय मिळाले असेही नाही. धावताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, किंवा नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा फार अधिक धाप जाणवल्यास त्याच क्षणी थांबावे. ‘थोडेसेच राहिले आहे’ हा विचार यावेळी सर्वांत घातक असतो.

सरावाची रचना :

आठवड्यातून तीन दिवस धावणे साठीपुढील बहुतेकांस पुरेसे आहे, चार दिवस कमाल. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी द्यावेत आणि किमान एक दिवस खरोखर मोकळा ठेवावा. मोकळ्या दिवशी माळ्यावरच्या ट्रंका उतरविणे ही विश्रांती नव्हे.

आठवड्याचा सात दिवसांचा साचा हा कार्यालयीन सोयीचा आहे, शरीराच्या सोयीचा नाही. तरुण धावपटू दर रविवारी लांब पल्ला धावतो. ज्येष्ठाने तो दहा ते चौदा दिवसांनी एकदा धावावा. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे. अर्धमॅरेथॉनसाठी सर्वांत लांब सराव सोळा ते अठरा किलोमीटर पुरतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी अंतरापेक्षा वेळेची मर्यादा पाळावी. साडेतीन तासांपलीकडील सरावातून लाभापेक्षा झीजच अधिक होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

गतीचे माप अगदी साधे आहे. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की गती कमी करावी, आवश्यक तर चालावे. अमेरिकेचे माजी ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे यांची ठरावीक अंतराने अदलाबदल करण्याची पद्धत रूढ केली. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असा क्रम पहिल्या किलोमीटरपासून ठेवावा लागतो. थकल्यावर चालणे म्हणजे ही पद्धत नव्हे. आपल्याकडे चालण्यास पराभव मानणारे पुष्कळ आहेत. वीस किलोमीटरनंतर तेच लोक चालताना दिसतात, पण तेव्हा ते त्यांनी निवडलेले नसते.

बळकटीसाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे आणि झेपतील तितक्या बैठका, एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी मांडी व पोटरी बरीच साथ देतात. जलद तंतू जागे राहावेत म्हणून आठवड्यातून एकदा सौम्य चढावर वीस सेकंदांच्या चार-पाच जोरकस धावा घ्याव्यात, दोहोंमध्ये पूर्ण विश्रांती घेऊन.

जानेवारीतील मुंबईच्या शर्यतीची तयारी पावसाळ्यात सुरू करावी लागते. पावसाळी हवा शरीर तापू देत नाही, हा लाभ. परंतु शेवाळलेले रस्ते ज्येष्ठांच्या खुब्यास व मनगटास धोक्याचे असतात. पहाटेच्या अंधारात वाहनाच्या दिशेस तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेने, उजेडात चमकणारा पट्टा बांधून धावावे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात सुटलेला नाही. तेथे चालू लागणे हाच उपाय उपयोगी पडतो.

पाणी, अन्न आणि औषधे :

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, हे खरे. म्हणून काही ज्येष्ठ प्रत्येक टेबलावर पाणी पितात आणि उलट्या संकटात सापडतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या नसले तरी प्रमाणापेक्षा कमी झालेले आढळले. अतिरिक्त द्रवपान हे त्याचे प्रमुख कारण होते. संथ धावणाऱ्याला पाणी पिण्यास वेळ अधिक मिळतो, म्हणून हा धोका त्याला विशेष आहे. रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणाऱ्यांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. लांब सरावापूर्वी व नंतर वजन करून पाहावे. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले.

हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांना स्पंदनाचे सूत्र निरुपयोगी ठरते. त्यांनी बोलण्याची कसोटीच वापरावी. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रा व वेळ विचारून घ्यावी आणि खिशात साखर बाळगावी. स्नायूंच्या भरणीसाठी ज्येष्ठांस तरुणांपेक्षा अधिक प्रथिने लागतात. धावून आल्यावर केवळ चहा-बिस्किटांवर न भागविता उसळ, ताक, अंडी यांपैकी काही पोटात जावे.

वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीत उतरणे सर्वस्वी टाळावे. तिचा मूत्रपिंडावर ताण पडतो, आणि दुसरे असे की ती निरोप्याचेच तोंड बंद करते. प्रस्तुत लेखकाने अठ्ठावन्नाव्या वर्षी दुखऱ्या पोटरीवर अशी गोळी घेऊन अर्धमॅरेथॉन धावली. वेदना जाणवली नाही, म्हणून थांबण्याची बुद्धी झाली नाही. सतराव्या किलोमीटरवर पोटरीचा स्नायू फाटला. पुढील अकरा आठवडे जिन्याचा कठडा धरून गेले.

शर्यतीचा दिवस :

बोस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी ३५ वर्षांखालील पुरुषाने २ तास ५५ मिनिटांची, तर ६५ ते ६९ वयोगटातील पुरुषाने ४ तास ५ मिनिटांची पात्रता-वेळ दाखवावी लागते. त्याच वयोगटातील स्त्रीसाठी ही वेळ ४ तास ३५ मिनिटे आहे. वयाचा हिशेब स्पर्धेच्या नियमांनीच मान्य केलेला असताना, आपल्या मनाने तो अमान्य करण्याचे कारण नाही. पंचेचाळिसाव्या वर्षीची आपली वेळ कपाटात ठेवून निघावे.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे निघणाऱ्या गर्दीत पहिले पाच किलोमीटर सर्वजण वेगाने जातात. ज्येष्ठाने त्यांना जाऊ द्यावे. मार्गात वेळोवेळी बदल झाले, तरी अनेक वर्षे परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ अगदी अखेरच्या टप्प्यात येत आला. तोवर ऊन चढलेले असते, समुद्राकडील दमट हवेने घाम वाळत नाही, आणि पहाटे पुढे गेलेल्यांपैकी पुष्कळजण कठड्याला टेकून पोटऱ्या चोळत असतात. सुरुवातीपासून चालण्याचे मिनिट पाळणारा धावपटू हा चढ सरळ चालत जातो. दुतर्फा उभी असलेली मंडळी संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेले काकडीचे काप पुढे करतात. कोणी ‘आजोबा, शाब्बास’ म्हणते, कोणी ‘आजी, थोडेच राहिले’ म्हणते. घड्याळाकडे डोळे लावलेल्या तरुणास यातले फारसे काही ऐकू येत नाही. त्या शब्दांना उत्तर देण्याइतका दम शिल्लक असेल, तर गती योग्य होती असे समजावे.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नये, दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे. पूर्ण मॅरेथॉननंतर किमान दोन आठवडे धावू नये. चालणे व हलका व्यायाम चालेल. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांच्या संथ धावेने आरंभ करावा, आणि पुढील शर्यतीची नोंदणी त्यानंतरच करावी.