पासष्ट अंशांची शंभर वर्षे

दिवसागणिक तापमानाचे अंश जोडत जाण्याची रीत मुळात पिकांसाठी होती. हिंदुस्थानात कालव्यांचे आणि सार्वजनिक बांधकामाचे काम केलेले रिचर्ड स्ट्रेची यांनी १८७८ साली शेतीला मिळणारी उष्णता अशी मोजून दाखवली. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या गॅस व्यवसायाने तीच बेरीज उलट बाजूने केली. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली जितके उतरते, त्या प्रमाणात घर तापवायला गॅस जळतो, असे खपाच्या आकड्यांतून दिसले. सरासरी ४० अंश असेल तर त्या दिवसाचे २५ हीटिंग डिग्री डे. महिन्याची बेरीज केली की खपाचा अंदाज हाती येतो. यात टिकाऊ होते ते हे प्रमाण; ६५ हा आकडा त्या काळच्या घरांचा होता. आत ७० अंश ठेवले तरी वरचे काही अंश माणसे, दिवे, चुली आणि खिडकीतले ऊन यांतूनच भागत. पुढे भिंतींत उष्णतारोधक थर आले. उष्णता कमी निसटू लागल्यावर तेवढ्याच फुकटच्या उबेत घर अधिक अंश तगू लागले, आणि ६५वर बेतलेले अंदाज वास्तवापेक्षा फुगू लागले.

१९७३च्या तेलसंकटाच्या सुमारास प्रिन्स्टनच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचा अभ्यास केला. एकाच आराखड्याच्या घरांत एकाचा गॅस दुसऱ्याच्या दुप्पट जळत होता. या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो: राहणाऱ्यांच्या सवयी हवामानाच्या आकड्यांत कशा मावणार? वारा आणि ऊन वगळल्याची तक्रार त्यामानाने हलकी आहे. एका दिवसाचा अंदाज त्याने चुकतो, महिन्याच्या बिलात ती चूक बरीचशी विरते. सवयींचा आक्षेप मात्र खराच आहे, आणि म्हणून परक्या घराचे बिल बाहेरून वर्तवायला ही पद्धत अपुरी पडते. पण घराची तुलना त्याच घराशी केली, तर सवयी दोन्ही बाजूंना राहतात. मार्गारेट फेल्स यांनी मांडलेल्या प्रिझम पद्धतीत आधारतापमान, म्हणजे ६५च्या जागी धरायचा अंश, त्या घराच्या वर्षभराच्या बिलांतूनच काढतात. सोबत हवामानाशी संबंध नसलेला खप आणि दर अंशामागचा खपही मिळतो. हे तीन आकडे सुटे घेतले तर डळमळतात, पण त्यांवरून काढलेला सरासरी हवामानाच्या वर्षाचा एकूण खप बराच स्थिर राहतो. घराला थर बसवण्याआधीचा आणि नंतरचा असा खप शेजारी ठेवला, तर केवळ हिवाळा सौम्य गेला म्हणून उतरलेले बिल बचतीत जमा होत नाही. अट एकच: ‘सरासरी वर्ष’ कोणत्या काळातले धरले, ते सांगितले पाहिजे, कारण हिवाळे सौम्य होत चालले आहेत.