रेशमाचा धागा आणि प्रथिनांची रूपे

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुभुवनम हे गाव आहे. तेथील चोळकालीन मंदिराइतक्याच तेथे विणल्या जाणाऱ्या रेशमी साड्याही प्रसिद्ध आहेत. रंगविण्यापूर्वी कच्चे रेशीम साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालतात. धाग्यावरचे सेरिसिन नावाचे डिंकासारखे प्रथिन विरघळते आणि वजन सुमारे चतुर्थांशाने घटते. आतला धागा मात्र तसाच राहतो. तोही प्रथिनच असून त्यास फायब्रॉइन म्हणतात.

नवल असे की, हेच फायब्रॉइन किड्याच्या ग्रंथीत पाण्यात विरघळलेले, दाट पाकासारखे असते. त्याचे रासायनिक घटक बदलत नाहीत; बदलते ती रेणूची ठेवण.

प्रथिनाचा रेणू म्हणजे ॲमिनो आम्लांची लांब साखळी होय. फायब्रॉइनच्या मोठ्या भागात ग्लायसीन व ॲलॅनीन ही लहान आम्ले आळीपाळीने येतात. ग्रंथीत या साखळ्या सैल व पाण्याने वेढलेल्या असतात. किडा डोके हलवीत तंतू ओढू लागला म्हणजे त्या ताणल्या जातात, शेजारी शेजारी येतात व हायड्रोजन बंधांनी जखडल्या जाऊन थर रचतात. या थरांत ऊर्जा कमी असते. पठारावरील खळग्यातले पाणी दरीत उतरू शकते. पण मधला बांध ओलांडल्याखेरीज नव्हे. किड्याची ओढ आणि नलिकेतील वाढती आम्लता ही रेणूंना तो बांध ओलांडण्यास साहाय्य करतात. परत चढणे मात्र उकळत्या पाण्यालाही साधत नाही!

साखळी हवी तशी वळत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ साली याचा नकाशा प्रसिद्ध केला. प्रत्येक दुव्याशी दोन कोन बदलू शकतात. परंतु बहुतेक जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात. उरलेल्या मोजक्या प्रदेशांपैकी एकात रेशमाचे थर बसतात.

लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात हे बंध सुटतात व धागा विरघळतो. मग क्षार काढून टाकला की फायब्रॉइनचे पाण्यातील द्रावण मिळते. ते भांड्यात जोराने घुसळले, तर साखळ्या पुन्हा जुळू लागतात आणि काही काळाने द्रावण थिजते.