जंतू, विरजण आणि बेवड : सूक्ष्मजीवशास्त्राचा परिचय

‘जंतू’ हा शब्द संस्कृतातील ‘जन्’ या धातूपासून सिद्ध झाला असून जन्म पावलेला कोणताही जीव, असा त्याचा मूळ व्यापक अर्थ आहे. आजच्या मराठीत मात्र तो बहुधा रोगाच्याच संगतीने येतो. रोगजंतू, जंतुनाशक, जंतुसंसर्ग हे त्याचे नित्याचे सोबती. अर्थसंकोचाचे हे उदाहरण केवळ भाषाभ्यासकाच्या कुतूहलापुरते राहिले असते, तर त्याची येथे दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या संकोचामुळे एका अफाट जीवसृष्टीविषयीची समजूतच एकांगी होऊन बसली आहे.

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचा अभ्यास म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र होय. जीवाणू, किण्व व बुरशी, एकपेशीय शैवले, सजीव-निर्जीवाच्या सीमेवरील विषाणू हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. बहुतेक जीवाणूंची लांबी मिलिमीटरच्या एक ते पाच सहस्रांशांइतकीच असते. मुंबई इलाख्यातील सामान्य माणसाच्या दारी हे शास्त्र मुख्यत्वे 1896 च्या प्लेगबरोबर आले, असे म्हणावयास हरकत नाही. 1894 साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जीवाणू शोधला होता, आणि 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. अशा प्रसंगी झालेली ओळख भीतीची असावी, यात नवल नाही.

वस्तुतः सूक्ष्मजीवांच्या कार्याशी मराठी माणसाचा परिचय फार जुना आहे. अज्ञात होता तो कर्ता. कोमट दुधात चमचाभर विरजण घालणारी गृहिणी जिवंत जीवाणूंची पेरणीच करीत असते. हे जीवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात व त्या आम्लतेमुळे दुधातील प्रथिन गोठते. दूध आंबण्याची ही क्रिया सजीवांची आहे, हे पाश्चर यांनी 1857 साली प्रतिपादन केले.

‘बेवड’ हा शेतकऱ्यांचा शब्द तर याहून अर्थपूर्ण आहे. आधी घेतलेल्या पिकाचा पुढील पिकावर होणारा परिणाम त्यातून व्यक्त होतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे शेतकरी सांगतो. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतीला तो त्या रूपात घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणूंचा बंध अतिशय बळकट असतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू तो बंध तोडून नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करतात व मोबदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेतात. कार्यरत गाठ कापली असता आतून तांबूस दिसते. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनाशी नाते सांगणारे प्रथिन तेथे असते. हे जीवाणू बायरिंक यांनी 1888 साली गाठींतून वेगळे केले. पीक निघाल्यावर मुळे कुजतात आणि नायट्रोजन जमिनीस मिळतो. ते कुजविण्याचे कामही सूक्ष्मजीवांचेच.

‘जंतुनाशक’ या शब्दाची खरी अडचण औषधांच्या क्षेत्रात होते. क्षयाचा जीवाणू कॉख यांनी 1882 साली दाखविला. त्यावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, 1943 साली हाती आले ते मातीतील स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूपासून. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा गंधही बव्हंशी याच वर्गातील जीवाणूंच्या एका द्रव्याचा असतो. म्हणजे जंतूचा नाशक जंतूच ठरला. सर्वच जंतू शत्रू, या समजुतीतून प्रतिजैविकांचा सरसकट वापर होतो तेव्हा उपकारक जीवाणू हकनाक मरतात, आणि जे प्रतिकारक्षम असतात त्यांनाच रान मोकळे मिळते. पुढे खऱ्या गरजेच्या वेळी औषध निरुपयोगी ठरते, ही आजच्या वैद्यकापुढील गंभीर समस्या आहे.

परिभाषेची वाट अद्याप पुरती सुकर झालेली नाही. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांतील रंगद्रव्य हे त्याचे कारण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. हे सूक्ष्मजीव आर्किया वर्गातील. हा वर्ग जीवाणूंहून मूलतः भिन्न असल्याचे वूस व फॉक्स यांनी 1977 साली दाखवून दिले होते. त्यांच्यासाठी ‘आदिजीवाणू’ असा पर्याय कोठे कोठे योजिला जातो. पण त्यात ‘जीवाणू’ पुन्हा शिरलाच आहे, आणि ते तर जीवाणू नव्हेत.