गळ्यातली गाठ आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

(लेखांक पाचवा)

दाढी करताना किंवा मंगळसूत्र सारखे करताना हाताला काहीतरी लागते. दुखत नाही, म्हणून दोन-चार महिने तसेच जातात. मग शेजारीण एखाद्या दिवशी विचारते, “गळा सुजलाय का गं?” गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतून निघालेला माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातात एकच कागद असतो, थायरॉईडचा रिपोर्ट. टीएसएच नॉर्मल. घरचे निश्चिंत होतात आणि तपास तिथेच थांबतो.

तो थांबता कामा नये. टीएसएचचा आकडा ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगतो. ग्रंथीत वाढलेली गाठ कशाची आहे, हे त्यातून कळत नाही. थायरॉईडचा कर्करोग झालेल्या बहुतेक रुग्णांचा हा आकडा नॉर्मलच येतो. उलट टीएसएच कमी आले, तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते. मग आयसोटोप स्कॅन करतात, आणि अशा ‘गरम’ गाठीत कर्करोग क्वचितच सापडतो.

गळ्याला आलेली प्रत्येक गाठ थायरॉईडची नसते, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांची लक्षणे वेगवेगळी सांगतो. मराठीतही गलगंड वेगळे आणि गंडमाळ वेगळी. गंडमाळ म्हणजे मानेच्या कडेला ओळीने सुजलेल्या लसिकाग्रंथी, आणि आपल्या देशात त्यांचे एक मोठे कारण आजही क्षयरोग आहे. म्हणून गाठ नेमकी कुठे आहे, हा पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर पाण्याच्या पेल्यात मिळते. डॉक्टर रुग्णाला मान किंचित मागे करायला लावतात, घोट घ्यायला सांगतात आणि समोरून गळ्याकडे पाहतात. थायरॉईड श्वासनलिकेला चिकटलेली असल्यामुळे घोट गिळताना तिच्यातली गाठ वर सरकते आणि परत खाली येते. कडेची लसिकाग्रंथी सहसा जागची हलत नाही. गाठ मधोमध असेल तर जीभ बाहेर काढायला सांगतात. जिभेबरोबर ती वर ओढली गेली, तर ती जन्मापासून राहिलेल्या एका नळीची पाण्याची गाठ असण्याचा संभव मोठा. पाच मिनिटांचे हे काम गर्दीच्या ओपीडीत राहून जाते. रुग्णाने स्वतःहून “घोट घेऊन दाखवू का?” असे विचारायला काहीच हरकत नाही.

यानंतर मानेची सोनोग्राफी. तिच्यात गाठीचे माप तर येतेच, पण त्याहून महत्त्वाचे तिचे रूप दिसते. पाण्याने भरलेली किंवा स्पंजासारखी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. काळसर, घट्ट, वेड्यावाकड्या कडांची, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली आणि आत चुन्याचे बारीक ठिपके असलेली गाठ संशयास्पद. प्रत्येक बारीक गाठीला सुई लावण्याची मात्र गरज नसते. दक्षिण कोरियात सोनोग्राफीची लाट आल्यानंतर 2011 पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे निदान 1993 च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या त्या अशा गाठींपायी, ज्यांतल्या अनेकांनी जन्मभर त्रास दिला नसता.

संशय असेल तिथे मात्र सुईला पर्याय नाही. एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्या सुईहूनही बहुधा बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेच्या पट्टीवर पसरायच्या. दंडातून रक्त काढताना दुखते साधारण तेवढेच दुखते. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही भीती घराघरांत आहे आणि तिच्यापायी माणसे मोलाचे महिने घालवतात. थायरॉईडच्या बाबतीत तसे घडणे अत्यंत विरळ आहे. गाठ लसिकाग्रंथीची असेल तर त्याच सुईतला द्रव क्षयाच्या सीबीनॅट तपासणीला पाठवता येतो. क्षय निघाला तर सरकारी औषधे मोफत मिळतात. पण सुई न लावता, अंदाजाने सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करणे चुकीचेच.

सुईचा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने एक ते सहा अशा वर्गांत येतो. 2007 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी झालेल्या बैठकीवरून हे नाव पडले. दोन म्हणजे निरुपद्रवी, सहा म्हणजे कर्करोग. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘एक’चा. एक म्हणजे ‘काही सापडले नाही’ असे नव्हे. पट्टीवर पुरेशा पेशीच आल्या नाहीत. नियमाने किमान दहा-दहा पेशींचे सहा पुंजके दिसावे लागतात. तेवढे नसतील तर सुई पुन्हा, सोनोग्राफीत पाहत. चार आला तर सुईची मर्यादा संपते, कारण या वर्गातली गाठ कर्करोगाची आहे की नाही हे पेशींवरून ठरत नाही. गाठीचे आवरण भेदले गेले आहे का ते पाहावे लागते, आणि त्यासाठी सहसा थायरॉईडचा तो अर्धा भाग काढून तपासतात.

थायरॉईडच्या शंभर गाठींत कर्करोगाच्या निघतात त्या साधारण पाच ते पंधरा. घाबरून जाण्याइतका हा आकडा नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. आवाज बसून राहिला, गाठ दगडासारखी कडक झाली, काही आठवड्यांत भराभर वाढली किंवा घास अडकू लागला, तर वाट पाहू नये. श्वास घेताना घरघर येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेल्यातल्या पाण्यापासून सुईपर्यंतच्या तपासाची सुरुवात जिल्ह्यातच करता येते. पुढे शस्त्रक्रियेची किंवा दुसऱ्या मताची वेळ आली, तर नागपूरला जावे लागते. विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडण्याआधी एक काम आठवणीने करावे : रिपोर्टच्या कागदाबरोबर प्रयोगशाळेकडून काचेच्या मूळ पट्ट्या मागून घ्याव्यात. नागपूरचे पॅथॉलॉजिस्ट कागद वाचतील, पण मत देतील ते पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून. पट्ट्या नसतील तर पुन्हा सुई, पुन्हा आठवडाभराची वाट आणि तिकिटाचा खर्च वेगळा.