वैयक्तिक माहितीचे कायदेशीर संरक्षण आणि माहितीचा अधिकार : एक विवेचन

वैयक्तिक माहिती ही आज क्रयवस्तू झाली आहे. याचे ठळक उदाहरण नया नगरपासून फार दूर घडले नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून अमेरिकन नागरिकांना धमकावले जात असे. हा व्यवसाय उभा होता तो परक्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक हाती असण्यावर. फसवणूक झाल्यावर दंडसंहिता शिक्षा करू शकते. माहिती गळते त्याच टप्प्यावर अडवणे हे निराळ्या कायद्याचे काम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि याच अधिनियमाच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नाही, किंवा तिच्या प्रकटनाने खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होते, हे पाहावे लागे. व्यापक जनहित असल्यास ती देता येई. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता माहिती ‘वैयक्तिक’ असणे पुरेसे आहे.

केंद्रीय कायद्यापूर्वीच, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला या बदलाचा अर्थ सांगावा लागू नये. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचे प्रकरण २०१० मध्ये गाजले, त्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा वाटा होता. सदनिका कोणाच्या नावे व त्यांचे अधिकाऱ्यांशी नाते काय, हाच तेथे कळीचा प्रश्न होता. नाव आणि नाते, दोन्ही वैयक्तिकच. उद्या नया नगरातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या परवानगीवर कोणत्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी आहे असे महापालिकेस विचारल्यास, तेही नाव वैयक्तिक ठरवण्याचा मोह होऊ शकेल.

अंमलबजावणीचा क्रम अधिक बोलका आहे. माहिती अधिकाराला मुरड घालणारी तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्काळ लागू झाली; माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांवरील मुख्य बंधनांना मात्र अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे कलम ४३-अ वगळले जाईल. नव्या अधिनियमातील दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गळली त्याला त्यातून काही मिळत नाही.

कलम ८(२) मधील जनहिताची वाट शाबूत आहे, असे शासनाचे म्हणणे आहे, व ते शब्दशः खरे आहे. परंतु तेथे जनहित हानीपेक्षा अधिक आहे हे अधिकाऱ्याला पटवण्याचा भार व्यवहारात अर्जदारावरच पडेल, आणि ज्या कागदावरून ते पटवायचे तोच कागद त्याने मागितलेला असतो.