वाईन घ्यायची आहे, पण त्यातलं काहीच कळत नाही? बाटलीवरच्या या चार गोष्टी आधी वाचा

गोव्याहून परतताना अनेकांच्या बॅगेत पोर्ट वाईनची एखादी बाटली असतेच. लालभडक, सरबतासारखी गोड आणि खिशाला परवडणारी. महाराष्ट्रातल्या कित्येकांची वाईनशी पहिली ओळख अशीच होते.

मग कधीतरी मित्राच्या घरी पार्टी ठरते. 'चांगली' वाईन न्यायची म्हणून दुकानातून तशीच लाल दिसणारी, पण जरा महागातली बाटली उचलली जाते. पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं. आंबट, तुरट, जीभ कोरडी करणारी चव. "ही खराब झालीय का?" असा प्रश्न पडतो आणि बाकीची बाटली तशीच पडून राहते.

बहुतेक वेळा बाटली खराब नसते. गोड वाईनची सवय असलेल्या माणसाने अजिबात गोड नसलेली वाईन उचललेली असते. आणि ही माहिती अनेकदा बाटलीवर छापलेली असते, फक्त ती कुठे आणि कशी वाचायची हे कुणी सांगितलेलं नसतं.

वाईन निवडण्यासाठी फ्रेंच नावं पाठ करण्याची किंवा ग्लास गोल गोल फिरवण्याची गरज नाही. सुरुवातीला चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट: गोड की ड्राय?

वाईन म्हणजे द्राक्षांचा आंबवलेला रस. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल बनवतं. जवळपास सगळी साखर संपेपर्यंत ही क्रिया चालू दिली, तर वाईनमध्ये गोडवा उरत नाही. अशा वाईनला 'ड्राय' म्हणतात. इथे ड्राय म्हणजे कोरडी नव्हे, तर 'गोड नसलेली'.

आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार ड्राय वाईनमध्ये लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंतच साखर असते. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. लिटरमागे ४५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेली वाईन 'स्वीट' ठरते. मधल्या टप्प्यात 'मीडियम ड्राय' आणि 'सेमी स्वीट' येतात.

खऱ्या पोर्ट वाईनचं गणित वेगळं आहे. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात ती बनवताना रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेलं कडक मद्य मिसळतात. त्यामुळे यीस्टचं काम थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २० टक्क्यांच्या आसपास जातं. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी स्वस्त, गोड लाल वाईन ही तिची नावापुरती नातेवाईक.

त्यामुळे आजवर फक्त पोर्टच आवडली असेल, तर पुढची पायरी थेट ड्राय रेड वाईन नको. 'सेमी स्वीट' किंवा 'ऑफ ड्राय' लिहिलेली व्हाईट किंवा रोझे वाईन जास्त जवळची वाटेल.

फेसाळणाऱ्या स्पार्कलिंग वाईनमध्ये मात्र शब्द फसवतात. 'ब्रूट' लिहिलेली बाटली जवळपास गोड नसते. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे त्याहून कमी गोड असणार असं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा थोडी गोडच असते. त्याहून गोड हवी असेल तर 'देमी सेक' हा शब्द शोधा.

दुसरी गोष्ट: द्राक्ष कोणतं?

आंब्यात जसा हापूस, पायरी आणि केशर वेगळा, तसंच वाईनच्या द्राक्षांचंही आहे. नाशिकहून बाजारात येणारी थॉमसन किंवा सोनाका ही खायची द्राक्षं. वाईनची द्राक्षं सहसा आकाराने लहान, जाड सालीची आणि बिया असलेली असतात. भारतीय वाईनच्या बाटलीवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. सुरुवातीला पाच नावं लक्षात ठेवली तरी चालतील.

शेनिन ब्लाँ: व्हाईट वाईन. फळांचा सुवास, सौम्य चव. भारतात ती बऱ्याचदा किंचित गोडसर बनवली जाते. नवख्यांसाठी सोपी सुरुवात.

सोव्हिन्यॉन ब्लाँ: व्हाईट आणि सहसा ड्राय. लिंबासारखा तजेलदार आंबटपणा आणि ताज्या गवताची आठवण करून देणारा वास.

झिनफँडेल रोझे: गुलाबी रंगाची, हलकी वाईन. थंड प्यायची. रेड आणि व्हाईटमध्ये मन अडकलं असेल तर मधला मार्ग.

शिराझ: रेड. काळसर फळांची आणि मिऱ्याची आठवण देणारी चव.

कॅबर्ने सोव्हिन्यॉन: रेड, बऱ्यापैकी तुरट. पहिल्याच दिवशी हिच्या वाटेला गेलेले अनेकजण पुन्हा वाईनकडे वळत नाहीत.

हा तुरटपणा येतो टॅनिनमुळे. दूध न घातलेला चहा जास्त उकळला की तोंडात जी भावना येते, ती टॅनिनचीच. द्राक्षाच्या सालीत आणि बियांमध्ये टॅनिन असतं. रेड वाईनचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून तिला रंगही येतो आणि तुरटपणाही. व्हाईट वाईनसाठी साली आधीच वेगळ्या करतात. रोझेमध्ये साली थोडाच वेळ रसात ठेवतात.

तिसरी गोष्ट: वर्ष कोणतं?

'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. वर्षानुवर्षं मुरवण्यासाठी बनवलेल्या वाईन जगात आहेत, पण त्या थोड्या. दुकानात मिळणाऱ्या बहुतांश वाईन पहिल्या काही वर्षांतच प्यायच्या असतात. व्हाईट आणि रोझेच्या बाबतीत तर अलीकडचं वर्ष जास्त चांगलं.

बाटलीवर छापलेलं वर्ष हे द्राक्षांच्या काढणीचं असतं. युरोपात ही काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकमध्ये पावसाळ्यानंतर छाटणी होते आणि द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरवली जातात.

वर्षाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाटली कुठे ठेवली होती. उष्णता आणि ऊन हे वाईनचे शत्रू. उन्हाळ्यात काचेच्या कपाटात, थेट उजेडात महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली कितीही नावाजलेली असली तरी टाळावी. एसी असलेलं आणि माल पटापट खपणारं दुकान केव्हाही चांगलं.

फिरकीचं झाकण पाहून वाईन हलकी समजू नये. ताजी असताना प्यायच्या वाईनला हे झाकण उत्तम. शिवाय बूच काढायचं यंत्र शोधत बसावं लागत नाही.

चौथी गोष्ट: अल्कोहोल किती?

जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू आहे की नाही?' यावरून राज्यभर वाद रंगला होता. राजकारण बाजूला ठेवलं तर याचं उत्तर साध्या गणितात आहे.

वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा एक ग्लास घेतला, तर पोटात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल जातं. भारतात मिळणाऱ्या व्हिस्कीत सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये जवळपास १३ मिली. थोडक्यात, वाईनचा एक ग्लास म्हणजे सुमारे दीड छोटा पेग. ७५० मिलीची अख्खी बाटली म्हणजे साडेसात पेग.

"वाईनच तर आहे" म्हणत दोन-तीन ग्लास रिकामे करून गाडीची किल्ली उचलणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवायला हवा. कायद्यानुसार वाहन चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. ही मर्यादा वाईन, बिअर, व्हिस्की सगळ्यांना सारखीच लागू होते. महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी किमान वय २१, तर कडक मद्यासाठी २५ आहे.

'रोज एक ग्लास रेड वाईन हृदयासाठी चांगली' हा मेसेजही अनेक ग्रुपवर फिरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की, अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. अल्कोहोलचा समावेश कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासूनच आहे. त्यामुळे चव आवडते म्हणून कुणी वाईन पीत असेल तर तो त्याचा निर्णय. औषध म्हणून मात्र सुरू करू नये.

महाग म्हणजे चांगली का?

२००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना एकच वाईन दोनदा दिली. एकदा तिची किंमत १० डॉलर सांगितली, दुसऱ्यांदा ९० डॉलर. किंमत जास्त सांगितल्यावर तीच वाईन लोकांना जास्त आवडली. एवढंच नाही, तर मेंदूतला आनंदाशी संबंधित भागही जास्त सक्रिय झालेला दिसला.

भारतात किमतीमागे आणखी एक कारण असतं. परदेशी वाईनवर अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाल्यावर तिथल्या ठराविक किमतीवरच्या वाईनवरचं शुल्क कमी व्हायला सुरुवात झाली. म्हणजे परदेशी बाटलीसाठी मोजलेल्या पैशातला मोठा वाटा वाईनवर नाही, तर करावर आणि वाहतुकीवर जातो. म्हणून नवख्यांसाठी तेवढ्याच पैशात मिळणारी चांगली भारतीय बाटली अनेकदा फायद्याची ठरते.

आणि पर्याय दूर नाहीत. नाशिकमध्ये सुला आणि यॉर्क, इगतपुरीजवळ व्हॅलोने, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रटेली. अनेक वायनरींमध्ये पैसे भरून चार-पाच वाईन थोड्या थोड्या चाखता येतात. अख्खी बाटली घेऊन पस्तावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. फक्त गाडी चालवणारा माणूस न पिणारा हवा. तेवढं जमत नसेल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली घेऊन पाहावी.

जेवण आणि फ्रिज

झणझणीत जेवणासोबत तुरट रेड वाईन घेतली तर तिखट अधिकच झोंबतं, कारण टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही ती आग वाढवतात. कोल्हापुरी रस्सा असेल तर किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ किंवा रोझे बरी. तळलेल्या सुरमई-बोंबलावर जसं लिंबू पिळतो, तशीच आंबटसर सोव्हिन्यॉन ब्लाँ माशांसोबत चालते. कमी तिखट मटण किंवा कबाब असतील तर शिराझ.

'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' हा नियम युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथे खोलीचं तापमान म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यातल्या नागपूरच्या खोलीचा त्यात विचार केलेला नाही. आपल्याकडे रेड वाईनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. व्हाईट आणि रोझे त्याहून थंड, साधारण ८ ते १० अंशांवर. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते.

दुकानात गेल्यावर काय म्हणायचं?

"एक चांगली वाईन द्या" असं म्हटलं की दुकानदार बहुधा महागातली किंवा न खपलेली बाटली पुढे करतो. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: गोडसर हवी की ड्राय, सोबत जेवायला काय आहे आणि बजेट किती. मग बाटली हातात घेऊन गोडी, द्राक्ष, वर्ष आणि अल्कोहोलचा आकडा स्वतः वाचा.

आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. न आवडलेल्या बाटलीचाही. पाच-सहा फोटो जमले की आपल्याला काय आवडतं हे आपोआप कळायला लागतं. आणि एवढं करूनही गोड वाईनच आवडत असेल, किंवा वाईन आवडतच नसेल, तर त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.